विमानवाले पगारे आणि कुसाबाईंचा ट्रॅक्टर

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या गल्लीत मला 'विमानवाले पगारे' म्हणतात. माझं नाव चंदर पगारे. ओझरच्या विमान कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली आणि तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो. या छत्तीस वर्षांत मी विमानाचं इंजिन चार वेळा पाहिलं, त्यात दोनदा लांबून. मी तपासणी खात्यात होतो. पंखाच्या पत्र्यावर रिव्हेट, म्हणजे चपट्या डोक्याचे खिळे, ठोकलेले असतात. ते नीट बसलेत का, डोकं वर आलंय का, कडेला चीर गेलीय का, हे बोटाने आणि भिंगाने बघायचं आणि कागदावर शिक्का मारायचा. जबाबदारीचं काम होतं आणि मी ते मन लावून केलं. पण 'रिव्हेट तपासतो' असं सांगितलं की लोक विषय बदलतात, आणि 'विमानात आहे' म्हटलं की खुर्ची पुढे ओढून बसतात. मला खुर्च्या पुढे आलेल्या आवडायच्या.

खोटं मी कधी बोललो नाही. समोरचा चुकीचं समजत असताना फक्त मध्ये बोललो नाही. गल्लीत कोणाची गाडी बंद पडली की मला हाक येते. मी जातो, वाकतो, कान लावतो, 'कार्बोरेटर' म्हणतो आणि मेकॅनिककडे न्यायला सांगतो. माझी बायको प्रतिभा नाशिक रोडच्या एका शाळेत मराठी शिकवायची. ती दारात उभी राहून हे सगळं बघते. एकदाच म्हणाली, "अहो, ती बॅटरीवरची स्कूटर आहे."

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात प्रतिभाच्या माहेरी लग्न होतं. तिचा भाऊ मनोज, त्याच्या मुलीचं. ओझरच्या पुढे बाणगंगेच्या काठाला त्यांचं गाव आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत ओट्यावर उभा होतो, तेवढ्यात शेजारच्या अंगणात भंगारवाल्याचा टेम्पो येऊन थांबला.

ते अंगण कुसाबाई गांगुर्डे यांचं. वय सत्तरीच्या पुढे, बारीक अंगाची, बोलायला कमी. नवरा निवृत्ती अकरा वर्षांपूर्वी वारला, मुलगा रवी पुण्याला. अंगणात लिंबाखाली एक जुना ट्रॅक्टर उभा होता. साठ-पासष्ट सालचा असावा. कंपनीच्या नावाची अर्धीच अक्षरं बॉनेटवर उरली होती, मागच्या चाकातून घोसाळ्याचा वेल वर चढला होता आणि सीटवर कोंबडी बसली होती. निवृत्तीबाबा ज्या बागायतदाराकडे ड्रायव्हर होते, त्यानं नवा ट्रॅक्टर आणला तेव्हा हा त्यांना देऊन टाकला होता. त्यावर त्यांनी वीस-बावीस वर्षं अख्ख्या गावाची रानं नांगरली. पुढे सगळीकडे द्राक्षबागा झाल्या. बागेच्या ओळींत छोटे ट्रॅक्टर चालतात, हे धूड मावेना. तेव्हापासून उभाच. रवीनं पुण्याहून फोन करून भंगारवाला पाठवला होता.

कुसाबाई मोठ्या चाकाला पाठ टेकून बसल्या होत्या. भंगारवाला म्हणत होता, "आजी, सरका ना." आजी सरकत नव्हत्या. लग्नाची पाहुणेमंडळी भोवती गोळा झाली. मनोजनं मला घोळक्यात ओढलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आमचे दाजी विमानात होते. दाजी, हा चालू होईल का?"

वीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. तोंडात पेस्टचा फेस होता. तो थुंकून येईपर्यंत मला विचार करायला वेळ मिळाला होता, पण मी तो केला नाही.

"इंजिन ते इंजिन," मी म्हणालो. "विमानाचं काय आणि ट्रॅक्टरचं काय. सहा आठवडे द्या."

कुसाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "जावईबुवा, खरंच करणार का हे लग्नातलं बोलणं हाय?"

"शब्द देतो."

"मग इथंच करा. गाडी अंगणातून हलायची नाय."

टेम्पो रिकामा गेला. परतीच्या वाटेवर प्रतिभा ओझरपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "सहा आठवडे कशावरून काढलेत?" मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं.

पुढच्या सोमवारी कपाटातून कारखान्यातली निळी डांगरी काढली, स्कूटरवर पान्यांची पेटी बांधली आणि निघालो. एक जाड रजिस्टरही घेतलं. कारखान्यात नोंदीशिवाय स्क्रूसुद्धा फिरवत नसत, तेव्हा इथंही तसंच करायचं ठरवलं. पहिल्या पानावर तारीख घातली, 'तपासणीस: चं. का. पगारे' लिहिलं आणि बॉनेट उघडायला गेलो.

"उघडू नका," कुसाबाई म्हणाल्या. "आत कोंबडी अंड्यांवर बसलीय."

सीटवरची ती वेगळी. ही दुसरी, इंजिनाच्या डोक्यावर पालापाचोळा घालून बसलेली. किती दिवस लागतील विचारलं. "एकवीस. चार झाले." मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'अपरिहार्य कारणास्तव काम स्थगित.' आणि चहा पिऊन इंदिरानगरला परत आलो. गल्लीत विचारलं तर म्हणालो, प्राथमिक पाहणी झाली.

पिल्लं निघाली तेव्हा पावसाळा तोंडावर होता. मनोजनं वरती पत्र्याचा आडोसा करून दिला. इंजिन पूर्ण जाम होतं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघायचो. त्यात एक सरदारजी दहा मिनिटांत अख्खं इंजिन खोलून जोडायचे. मला नुसतं इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, काढायला नऊ दिवस लागले. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून पिस्टन भिजत ठेवले, रोज लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं हळूहळू ठोकलं. पंधराव्या दिवशी एक पिस्टन केसभर हलला. मी इतक्या जोरात ओरडलो की कुसाबाई भाकरी टाकून बाहेर आल्या.

"काय झालं? बोट गेलं?"

"पिस्टन हलला!"

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

असं त्यांचं चालायचं. मी काम करताना त्या ओट्यावर बसून कांद्याच्या माना कापायच्या नाहीतर शेंगा फोडायच्या, आणि बघायच्या. अधूनमधून काही बोलायला तोंड उघडायच्या, पण मी लगेच समजावून सांगायला लागायचो. ज्वलन म्हणजे काय, दाब म्हणजे काय, विमान हवेत का राहतं. त्या ऐकून घ्यायच्या. एकदा मला वाटलं त्यांना डुलकी लागली, म्हणून मी आवाज थोडा चढवला.

सहा आठवडे कधीच उलटून गेले. दिवाळीही गेली. पण एक गोष्ट मी मनापासून करत होतो. प्रत्येक भाग धुऊन, पुसून, भिंगाखाली धरायचो. तेवढं मला येत होतं. चिरा शोधल्या, गंज खरवडला, झिजलेल्या वस्तू नाशिकच्या जुन्या बाजारातून शोधून आणल्या. डिझेल पंप चालवणाऱ्या दातेरी चाकावर मला छिन्नीचा एक ओबडधोबड घाव दिसला. शेजारी कारखान्याची कोरलेली सुबक खूण होती, आणि हा कोणीतरी अडाण्यानं घातलेला घाव. तपासणीसाचा जीव तो, राहवेना. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पृष्ठभागावर दोष आढळला, दुरुस्त केला.' आणि बारीक कानस घेऊन तो घाव असा गुळगुळीत केला की बोट फिरवून सांगता येऊ नये कुठं होता. मग कारखान्याच्या खुणेला खूण जुळवून पंप बसवला. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

डिसेंबरात सगळं जोडून झालं. गुपचूप एकदा चालवून बघावं, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण मनोजनं गावभर सांगितलं आणि मी त्याला अडवलं नाही. रविवारी सकाळी पन्नासेक माणसं जमली. सरपंच आले. मनोजनं टँकवर हार घातला. मी डांगरी इस्त्री करून घातली होती.

पुढे हॅण्डल लावलं आणि फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. धुराड्यातून पांढऱ्या धुराची एक उचकी आली. लोक हरखले. तिसऱ्यांदा मी सगळा जोर लावला, तेव्हा इंजिनानं हॅण्डल उलटं मारलं. मनगटात कट्ट असा आवाज झाला. मी मागे जाऊन सरपंचांच्या पायांवर बसलो.

ओझरला प्लास्टर घालून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मी म्हणालो, ट्रॅक्टर दुरुस्त करताना. ते म्हणाले, "नवीन आहे का हे काम तुम्हाला?" इतक्या वर्षांत मला ओळखणारा पहिला माणूस.

दोन आठवडे मी गावाकडे फिरकलो नाही. गल्लीत सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. प्रतिभानं ते ऐकलं आणि घरात आल्यावर म्हणाली, "तुम्ही त्या बाईला शब्द दिलाय. निदान जाऊन सांगून तरी या, जमत नाही म्हणून." तिनंच मला बसमध्ये बसवून दिलं.

कुसाबाई अंगणात होत्या. चहा दिला. मी कप डाव्या हातात धरून बसलो. त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "जावईबुवा, एक इचारू? राग नका धरू. तुमी विमानात नेमकं काय करत होता?"

 सरळ असा प्रश्न मला आजवर कोणी केला नव्हता. लोक 'कुठे' विचारायचे. 'काय' कोणीच विचारलं नव्हतं.

"रिव्हेट बघायचो," मी म्हणालो. "पत्र्याला असतात ते. नीट बसलेत का ते."

"आन इंजिन?"

"इंजिनाला हात लावलेला नाही. कधीच नाही. हे पहिलंच."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "मग आदी सांगायचं की! मी आठ महिने तोंड दाबून बसले. म्हणलं एवढा विमानाचा माणूस, आपुन आडाणी बाईनं काय बोलावं. तुमी पान्याला उलटं धरलं तरी मला वाटायचं विमानात तसंच धरत असतील."

"म्हणजे तुम्हाला यातलं कळतं?"

त्यांनी आधी रस्त्याकडे बघितलं. कोणी नव्हतं. मग सांगायला लागल्या.

चौऱ्याऐंशी सालात मळणीच्या वेळी निवृत्तीबाबांच्या डोळ्यात गव्हाचं काड गेलं. एक डोळा गेला आणि दुसरा हळूहळू अधू होत गेला. रस्त्यावर त्यांचं भागायचं, पण नांगरताना पुढच्या तासाची रेघ दिसायची नाही. हे गावाला कळलं असतं तर कोणी काम दिलं नसतं. म्हणून दोघं सकाळी निघायचे. गावातून ते चालवायचे, कुसाबाई मडगार्डवर भाकरीचं गाठोडं घेऊन. रानात पोचलं की त्या नवऱ्याचा शर्ट लुगड्यावर घालायच्या, डोक्याला टॉवेल गुंडाळायच्या आणि सीटवर बसायच्या. लांबून बघणाऱ्याला निवृत्तीच दिसायचा. ते बांधावर बसून बिडी ओढायचे. "अठरा वर्सं," कुसाबाई म्हणाल्या. "लोक म्हणायचे, निवृत्तीचा तास दोरी लावल्यासारखा सरळ. हे ऐकायचे आन घरी येऊन मला सांगायचे. लाजायचे बिचारे."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कशाला? काम मिळायचं, झालं."

मी न केलेल्या कामाचं नाव छत्तीस वर्षं मिरवलं होतं, आणि ही बाई केलेलं काम शर्टाखाली झाकून बसली होती. मी चहाचा कप खाली ठेवला.

"आता सांगा," त्या पदर खोचून उठल्या. "पंप कोणत्या खुनंवर बसवला?"

"कारखान्याच्या."

"ती खोटी. चाक दुसऱ्या गाडीचं हाय, आमी नंतर घातलेलं. खरी खून छिन्नीची. मी सोता घातली व्हती. दिसली नाय का?"

मला दिसली होती. रजिस्टरमध्ये तारखेसकट नोंद होती. मी ते पान उघडलं, वाचून दाखवलं आणि कानशीचं सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या. मला वाटलं रडताहेत. खांदे हलत होते. मग तोंडावरचा पदर बाजूला झाला आणि दिसलं की त्या हसत होत्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "दोष," त्या म्हणायच्या आणि परत हसायच्या. "माज्या खुनंला दोष!"

पुढचे आठ दिवस आम्ही काम केलं. म्हणजे त्यांनी केलं. मी डाव्या हातानं पाना द्यायचो आणि बॅटरी धरायचो. खूण तर गेली होती. त्यांना एवढंच आठवत होतं की कारखान्याच्या खुणेपासून मागं होती, फार नाही. एक दात मागं बसवला. धूर काळा आला आणि इंजिन धडधडून थांबलं. दोन दात मागं बसवला. मग त्यांनी डिझेलच्या नळीचा नट थोडा सैल केला, हातपंप मारत राहिल्या. नटातून फेस आला, फेसाचे बुडबुडे झाले, बुडबुड्यांचं स्वच्छ डिझेल झालं, तेव्हा नट आवळला. "एअर धरली की हिचा जीव गुदमरतो," म्हणाल्या. मला गुंतागुंतीचं काहीतरी सांगावंसं वाटलं, पण आवरलं.

हॅण्डल मारायला मनोजला बोलावलं. कुसाबाई इंजिनाजवळ, हात पंपाच्या खटक्यावर. दुसऱ्याच फेऱ्याला धुराड्याच्या तोंडावरचं पाखरांचं घरटं वर उडालं आणि ट्रॅक्टर सुरू झाला. ठक्क, ठक्क, ठक्क, मग सलग. लिंबावरचे कावळे उठले. चहाचे कप ओट्यावरून नाचत नाचत कडेला आले आणि फुटले. कुसाबाईंनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

आवाजानं गाव गोळा झालं. "विमानवाल्यांनी करून दाखवलं!" कोणीतरी ओरडलं. लोक माझं प्लास्टर धरून हलवायला लागले. चारचौघांत पहिल्यांदा मी खरं बोललो.

"मी नाही केलं. कुसाबाईंनी केलं. मला इंजिनातलं काही कळत नाही."

 मग सरपंच माझ्या खांद्यावर हात ठेवून गहिवरून म्हणाले, "बघा! याला म्हणतात मोठेपणा. एवढा शिकलेला माणूस, पण श्रेय घेत नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी परत सांगितलं. मोठेपणा वाढला. जितकं सांगावं तितका मी चांगला माणूस होत चाललो होतो.

कुसाबाईंनी हे सगळं ऐकलं.  घरात गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा हातात काहीच नव्हतं, ना शर्ट ना टॉवेल. लुगड्याचा काचा घट्ट केला, पायरीवर पाय ठेवला आणि सीटवर बसल्या.

"मनोज, तुजं कांद्याचं रान मोकळं हाय ना? नांगर लाव."

मनोजनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, जणू माझी परवानगी लागत होती.

ट्रॅक्टर फाटकातून बाहेर पडला. सगळे मागे चालत रानापर्यंत आले. कुसाबाईंनी नांगर टेकवला आणि समोरच्या बांधावरच्या एका बाभळीकडे बघत गाडी सोडली. एकदाही मागं वळून बघितलं नाही. त्या कडेला पोचल्या, वळल्या, परत आल्या. काळी माती उलटून दोन्ही तास शेजारी शेजारी पडले होते, पट्टीनं आखल्यासारखे.

केरूबाबा म्हणून गावात ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ आहेत. ते काठी टेकत तासाच्या टोकाशी आले, वाकले आणि डोळे बारीक करून लांबवर बघत राहिले. "हा तर निवृत्तीचा तास," ते म्हणाले. मग त्यांनी सीटवरच्या कुसाबाईंकडे बघितलं. परत तासाकडे. "अगं," एवढंच म्हणाले. आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

त्यानंतर माझ्या मोठेपणाबद्दल त्या गावात कोणी बोललं नाही. इंदिरानगरमध्येही मी गल्लीच्या ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, रिव्हेटसकट. बऱ्याच जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. गाडी बंद पडली की अजून बोलावतात, पण आता बरोबर मेकॅनिकचा नंबरही मागतात. प्रतिभा म्हणाली, "चांगलं लिहिलंय. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय."

रवी पुण्याहून आला. आईला त्यानं सीटवर बघितलं. तो जन्मल्यापासून बापाच्या नांगरणीच्या गोष्टी ऐकत आला होता. तो तासभर बांधावर बसून राहिला. आईनं बोलावलं तेव्हा उठून तिच्या पाया पडला. कुसाबाई म्हणाल्या, "ऊठ, फॅनचा पट्टा आवळ."

यंदाच्या चौदा एप्रिलला गावच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या प्रतिमेचा रथ त्याच ट्रॅक्टरला जोडायचं ठरलं. कुसाबाई पांढरं लुगडं नेसून चालवायला. मी आदल्या दिवशीच जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, माझ्याकडे काय काम? मनात होतं, निदान शेजारी उभं राहायला मिळेल.

गावातल्या रस्त्यावर केबलच्या वायरी फार खाली लोंबतात. कुसाबाईंनी मला एक लांब बांबू दिला. मी ट्रॅक्टरच्या पुढे दहा पावलं चालायचं आणि प्रत्येक वायर बांबूनं वर उचलून धरायची, रथ खालून जाईपर्यंत. ढोल वाजत होते, निळा गुलाल उडत होता, आणि मी आभाळाकडे तोंड करून चालत होतो. विहारापर्यंत सतरा वायरी लागल्या. अठरावी आली तेव्हा मी मागं वळून सीटवरच्या कुसाबाईंकडे बघत होतो, आणि ढोलांच्याही वर त्यांचा आवाज आला, "जावईबुवा, वर बघा!"